खलाशाचे पाय

सावधानमध्ये टाचा जुळलेल्या असतात आणि पंजे तीस अंशांत उघडे. २००७ साली प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर उस्तादांनी हे माझ्या पायांना शिकवलं आणि अठरा वर्षांत पाय ते विसरलेले नाहीत. साहेबांसमोर, शाळेत झेंडावंदनाला, घरी गणपतीच्या आरतीला, कुठेही उभा राहिलो की टाचा आपोआप जवळ येतात. जुलैत आमच्या नाटकाची तालीम सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शक सरांनी मला मध्येच थांबवलं. माझं वाक्य चुकलं नव्हतं. ते माझ्या पायांकडे बघत होते. म्हणाले, “हा माणूस होडीवर असा उभा राहिला तर पहिल्याच लाटेला पाण्यात जाईल.”

मी पोलीस हवालदार आहे, सिंधुदुर्गात, किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात. आणि मी नट आहे. हे दुसरं वाक्य मोकळेपणाने लिहायला मला एक्केचाळीस वर्षांचं व्हावं लागलं. बरीच वर्षं मी “हौस आहे” एवढंच सांगायचो. हौस म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय संपतो. पण रात्रपाळी करून सकाळी घरी आल्यावर झोपायच्या आधी जो माणूस संहितेची दोन पानं मोठ्याने वाचतो, त्याच्यासाठी हौस हा शब्द पुरत नाही. मला अभिनय नीट करायचा आहे. मोठ्या भूमिका करायच्या आहेत, कॅमेऱ्यापुढेही करायच्या आहेत, आणि नोकरी सोडायची नाही. गेल्या वर्षभरात दोन-तीन नव्या शिपायांनी फोन करून विचारलं की हे तुम्ही कसं जमवता, परवानगी कशी मागता. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने सांगितलं. आज साप्ताहिक सुट्टी आहे, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आमच्या घरात नाटक धयकाल्यातून आलं. बाहेर दशावतार म्हणतात, आमच्या वाडीत आजही धयकालोच. माझे मोठे काका एका मंडळात स्त्रीपार्टी करायचे. पावसाळ्यात भातशेती, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आज या गावात, उद्या त्या गावात. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नट रंगायला बसले की आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि बोलणं सगळं तिथल्या तिथे. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग संकासूर. त्यानंतर मुख्य आख्यान. पहाटे दहीहंडी फुटली की रात्र संपली. मी सात-आठ वर्षांचा असताना देवळाच्या मागच्या पडवीत काकांच्या बाजूला बसून असायचो. ते हातातल्या छोट्या आरशात बघत स्वतःच रंगायचे. लुगडं नेसून झालं की माझ्याशी बोलायचे नाहीत. तेवढ्या वेळापुरता मला काका नसायचा, आणि मला त्याची भीती वाटायची नाही, उलट अभिमान वाटायचा.

दहावीत असताना मी त्यांना विचारलं, लिहिलेलं नसताना पुढचं वाक्य सुचतं कसं? ते म्हणाले, “समोरचो काय बोलता ता नुसत्या कानान आयकू नको. आंगान आयक. मगे तुझा वाक्य आपसूक येता.”

हे मला रंगमंचावर समजलं नाही. ठाण्यात समजलं. पहिल्या काही वर्षांत मी जबाब लिहून घेण्याच्या कामावर बराच काळ होतो. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. सख्ख्या भावाने आपल्या माडांचे नारळ पाडून नेले, अशी तक्रार. किती नारळ, कधी, कुणी पाहिलं, हे मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले, पण त्यांचं लक्ष माझ्या प्रश्नांत नव्हतं. मी पेन खाली ठेवलं. पाणी दिलं. अर्ध्या तासाने ते हळूच म्हणाले की आईच्या वर्षश्राद्धाला त्यांना बोलावणं आलं नव्हतं. नारळाच्या तक्रारीत ते कुठेच बसत नव्हतं, पण तेवढंच सांगायला ते दोन एसट्या बदलून आले होते. पुढे नाटकाच्या शिबिरात ‘सबटेक्स्ट’ हा शब्द ऐकला तेव्हा मला ते आजोबा आठवले. वाक्यात नारळ असतात आणि माणूस आईबद्दल बोलत असतो. भूमिका हातात आली की मी अजूनही आधी हेच शोधतो, की याचे नारळ कुठले.

अडचण वेळेची आहे. गावाला नट लागतो नेमका तेव्हाच खात्याला पोलीस लागतो. गणपती, नवरात्र, कार्तिकातल्या जत्रा, आंगणेवाडीची भराडीदेवी, महाशिवरात्रीला कुणकेश्वर, पाठोपाठ शिमगा. आमच्याकडे जे जे पाहण्यासारखं आहे ते सगळं या सात महिन्यांत होतं, आणि त्या दिवसांत रजा मागायची सोय नसते. नोकरी लागल्यावर पहिली सात वर्षं मी तोंडाला रंग लावला नाही. काकांच्या शेवटच्या प्रयोगाच्या रात्री मी त्याच जत्रेत होतो, पण गाड्या लावायच्या जागेवर, दोरीपाशी. पखवाज ऐकू येत होता. काकांचा आवाज वाऱ्याबरोबर तुटक तुटक यायचा. आख्यान कोणतं ते ओळखता आलं, वाक्यं कळली नाहीत. पुढच्या पावसात काका गेले. दोरी सोडून दहा मिनिटं आत जाऊन आलो असतो तर कुणी काही बोललं नसतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी नवा होतो, गेलो नाही. याची खंत मला आहे आणि राहील.

२०१४ मध्ये मी एका संस्थेत जायला लागलो. तिथे शिक्षक आहेत, एक कंपाउंडर आहेत, एकजण आंब्याच्या पेट्यांचा व्यवसाय करतो, अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई आहेत. या माणसांचं ऋण मोठं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, जत्रा नाहीत. ठाण्याला त्या दिवसांतही कामं असतात: रस्त्यावर पडलेली झाडं, दरडी, खवळलेल्या पाण्यात उतरणारे पर्यटक. पण तारीख ठरलेला मोठा बंदोबस्त गणपतीपर्यंत नसतो. म्हणून आमची संस्था तालमीचा मुख्य भाग याच दोन महिन्यांत करते. नऊ माणसांनी एका माणसाच्या ड्युटीप्रमाणे आपलं वर्ष लावून घेतलं, आणि त्याबद्दल मला आजवर कुणी ऐकवलं नाही.

आता परवानगी, कारण फोनवर सगळ्यात जास्त तेच विचारतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १६ स्वतः वाचा, दुसऱ्याकडून ऐकू नका. शासनाच्या मंजुरीशिवाय दुसरा धंदा किंवा नोकरी करता येत नाही. अधूनमधून केलेल्या साहित्य आणि कलेच्या कामाला त्यात वेगळी जागा ठेवलेली आहे, पण सरकारी कामाला त्याची झळ लागता कामा नये, आणि थांबा म्हटलं तर थांबायचं. हौशी नाटक आणि पैसे घेऊन केलेली मालिका यात फरक आहे हे विसरू नका. मी दोन्हींसाठी लेखी अर्ज करतो, योग्य त्या मार्गाने, आणि पोच घेतो. अर्जात तारखा, ठिकाण, भूमिका काय आहे, मानधन किती मिळणार, हे सगळं आकड्यांसह लिहितो. “त्या दिवशी बंदोबस्त लागल्यास मी हजर राहीन” हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, आणि ते मनापासून लिहिलेलं असतं. दोन वेळा मी चित्रीकरण सोडून हजर झालोय. आणखी एक, हे कुठल्या नियमासाठी नाही, माझ्यासाठी: माझा स्वतःचा गणवेश मी कधीही नाटकात किंवा कॅमेऱ्यापुढे घालत नाही. भूमिका पोलिसाची असली तरी कपडे त्यांचे.

एकदा एका वरिष्ठांनी माझा अर्ज न वाचताच परत दिला. पोलिसाने पोलिसासारखं राहावं, एवढंच म्हणाले. ती भूमिका दुसऱ्याने केली, आणि चांगली केली. मला फार लागलं. आठ दिवस घरात नीट बोललो नाही. पुढच्या नाटकाच्या वेळी पुन्हा अर्ज केला.

लोक राजकुमार यांचं नाव घेतात. ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक होते, मग सिनेमात गेले, हे खरं आहे. पण ते नोकरी सोडून गेले. मला सोडायची नाही. यात घरचा हिशेब आहेच. माझी भरती १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. दोन मुलं शिकतायत, घराचं कर्ज आहे. बायको हे सगळं बोटांवर मोजून दाखवते आणि तिचं बरोबर आहे. पण उद्या कुणी कर्ज फेडून दिलं तरी मी राजीनामा देणार नाही. रात्री दोन वाजता एखादी बाई लेकराला कडेवर घेऊन ठाण्याची पायरी चढते, आणि समोर जो पहिला माणूस दिसेल त्याच्या चेहऱ्यावरून ठरवते की आत यावं की परत फिरावं. तो पहिला माणूस मी असावा असं मला वाटतं. हे मी अभिमानाने लिहितोय.

मालिकांबद्दल थोडं. कोकणात चित्रीकरणं वाढली आहेत, सावंतवाडी-कुडाळकडे तर बरीच. मी आतापर्यंत चार छोट्या भूमिका केल्या, त्यातल्या तीन हवालदाराच्या. ऑडिशन मोबाईलवर करून पाठवायची असते. पोलीस लाईनीतल्या आमच्या खोलीत एकच भिंत रिकामी आहे, तिथे कॅलेंडर काढून मी उभा राहतो. मुलगी दिव्याखाली फोन धरते, समोरच्या पात्राची वाक्यं बायको वाचते. ती मालवणी हेलात वाचते आणि मला त्याने मदतच होते, कारण ती माणसाशी बोलल्यासारखी वाचते. नाव, वय, उंची सांगायची, डावा चेहरा, उजवा चेहरा दाखवायचा, मग प्रसंग. दाढी वाढवायला सांगितलं तर नाही म्हणावं लागतं. दाढी ठेवायला आम्हाला परवानगी लागते, आणि दोन दिवसांच्या भूमिकेसाठी ती मी मागत नाही. पैसे उशिरा येतात, तीन-तीन महिन्यांनी. एका निर्मात्याकडचे दीड वर्षात आलेलेच नाहीत. मी पोलीस असून माझे पैसे बुडाले तर ज्या पोरांच्या मागे कुणीच नाही त्यांचं काय होत असेल, याचा मला खरोखर राग येतो. काम करण्याआधी लेखी घ्या. चहा पाजला, नाव विचारलं, पाठीवर हात ठेवला म्हणून लेखी सोडू नका.

तर पाय.

या वर्षीच्या नाटकात मी म्हातारा खलाशी आहे. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या होडीवर काढलेला. केस बारीक कापलेले असतात, म्हणून कानटोपी घातली. दाढीचे खुंट रंगाने उठवले. ती वरवरची गोष्ट झाली, पाय मात्र रंगवून होत नाहीत. परेडने मला आवाज दिला हे मी मानतो. मैदानाच्या टोकापर्यंत पोटातून शब्द पोचवायची सवय तिथली. पण त्याच परेडने माझे खांदे मागे ओढले, हनुवटी वर केली, हातांना मांडीच्या शिवणीवर बसवलं. ते काढायला दोन महिने गेले.

मी पहाटे बंदरावर जाऊन उभा राहायला लागलो. गस्ती नौकेवर मी कित्येक वेळा गेलोय, पण लाइफ जॅकेट घालून, कठडा धरून, नजर लांब. पायांकडे कधी बघितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा दर्यात जायला लागल्यावर बघितलं. खलाशाचे पाय खांद्यांपेक्षा रुंद पडतात. गुडघा कधीच पुरता ताठ होत नाही. अंगठा खालच्या फळीला चावल्यासारखा धरलेला असतो. जेट्टीवर, सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर उभे असले तरी हे बदलत नाही. चहाच्या टपरीपाशी ग्लास हातात घेऊन उभे असतात आणि गुडघे किंचित वाकलेले. एका म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाला, मी सांगितलं की मला नाटकात तुमच्यासारखं उभं राहायचंय. तो जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “होडी पायान बघूची. डोळे दर्यार व्हये.”

गावच्या घरी पडवीत झोपाळा आहे. सुट्टीच्या दिवशी मी साखळी न धरता त्याच्या फळीवर उभा राहायला लागलो. आधी पाच मिनिटं, मग वीस. गुडघा ताठ केला की फळी पायाखालून निसटते, म्हणून गुडघा आपोआप शिकतो. त्या अवस्थेत नाटकातली वाक्यं म्हणायचो. सप्टेंबरच्या शेवटी एका शुक्रवारी परेडला सावधानचा हुकूम झाला आणि टाचा जुळवायला मला क्षणभर विचार करावा लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र तो क्षण आजही आठवतो, कारण अठरा वर्षांत तो पहिल्यांदा आला होता.

दुसऱ्या अंकात खलाशाला बातमी मिळते की त्याचा मुलगा बुडाला. तो प्रसंग बसेना. एके दिवशी सर म्हणाले, “अशी बातमी तुम्ही स्वतः किती घरांत नेली असेल. त्यातलं काहीतरी आणा.”

नेली आहे. बुडून गेलेल्या माणसाची आमच्याकडे अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते. इन्क्वेस्ट पंचनामा करावा लागतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) १९४. अंगावर कोणते कपडे, खिशात काय, गळ्यात काय, हे सगळं लिहायचं. आणि बऱ्याचदा घर आमच्याच बीटमधलं असतं, तेव्हा सांगायलाही आम्हीच जातो. मी इतकंच म्हणेन की माणसं सिनेमात दाखवतात तशी ओरडत नाहीत, निदान पहिल्या काही मिनिटांत तरी. हातातलं काम चालू ठेवतात. अगदी बारीक काहीतरी विचारतात. एका घरात एका आईने जे विचारलं आणि त्यानंतर हाताने जे केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते रंगमंचावर आणलं असतं तर नाट्यगृह गप्प झालं असतं, याची मला खात्री आहे. मी सरांना नाही म्हणालो. इथेही ते लिहिणार नाही. तिने माझ्यासाठी दार उघडलं ते मी खाकीत होतो म्हणून. त्या दारातून मी जे पाहिलं ते बाहेर विकायला माझं नाही. नव्या मुलांनी अर्जाचा नमुना विसरला तरी चालेल, पण हे लक्षात ठेवावं. ठाण्याने आपल्याला ऐकायला शिकवलं, ते शिकलेलं आपण बरोबर नेऊ शकतो. ज्यांच्याकडून ऐकलं ती माणसं नेऊ शकत नाही.

सर रागावले नाहीत. थोडं थांबून म्हणाले, “मग तुमचं स्वतःचं काय आहे?”

माझं आहे. सहा वर्षांपूर्वी आंगणेवाडीच्या जत्रेला मी रांगेवर होतो. जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवशी लाखांनी माणूस येतं. रात्री दोनच्या सुमाराला भावाचा फोन आला. बाबा गेले, म्हणाला. मी म्हणालो, “बरा.” फोन खिशात ठेवला. एक बाई पाण्याची टाकी कुठे आहे विचारत होती, तिला सांगितलं. दोन पोरं रांगेत मध्ये घुसत होती, त्यांना मागे घेतलं. एका लहान मुलीची चप्पल गर्दीत पडली होती, डाव्या पायाची, गुलाबी, पट्टा तुटलेला. ती उचलली आणि मुलगी कुठे दिसते का म्हणून बघत राहिलो. साधारण वीस मिनिटं असं चाललं. मग मी उपनिरीक्षक साहेबांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी त्याच मिनिटाला मला गाडीत बसवून गावाला पाठवलं. त्या रात्री त्यांनी दाखवलेली माणुसकी मी विसरणार नाही. घरी पोचलो, बाबांच्या पायाशी बसलो, आणि खिशात काहीतरी टोचलं. चप्पल तशीच माझ्याबरोबर आली होती.

हे मी तालमीत सांगितलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. ताईंनी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रसंग पुन्हा केला. खलाशी जाळ्याची एक गाठ सोडवत बसलेला असतो. बातमी कानावर पडते. तो म्हणतो, “बरा,” आणि गाठ सोडवत राहतो. लेखकाच्या संहितेत तिथे आठ ओळी होत्या. लेखक तालमीला हजर होता, त्याने स्वतः पेन घेऊन त्या खोडल्या. मला त्याचं फार मोठेपण वाटलं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात मालवणला मामा वरेरकर नाट्यगृहात आमचा पहिला प्रयोग झाला. संध्याकाळची सुट्टी मिळाली होती, रात्री बाराला ठाण्यात हजर व्हायचं होतं. माझ्या जागी दुपारची ड्युटी एका सहकाऱ्याने उचलली. त्याने आजवर माझं एकही नाटक बघितलेलं नाही, कारण मी रंगमंचावर असतो तेव्हा तो माझ्या खुर्चीत असतो.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात बातमी आली, मी “बरा” म्हणालो, गाठ सोडवली. मग उठून उभं राहायचं होतं. उठलो, आणि माझ्या टाचा जुळल्या. गुडघे ताठ झाले. पंजे तीस अंशांत. मी ठरवून केलं नव्हतं. दोन महिने झोपाळ्यावर उभं राहून जे घालवलं होतं ते एका क्षणात परत आलं आणि मला ते कळत होतं, तरी मी पाय हलवले नाहीत. तसाच उभा राहिलो, जमिनीवर उभं राहतात तसा. पुढच्या नटाने त्याचं वाक्य घेतलं आणि नाटक पुढे गेलं.

नंतर विंगेत सर म्हणाले, “ते पाय तुम्ही मुद्दाम केलेत?” मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “ठेवायचं की नाही, पुढच्या प्रयोगाला बघू.” मला वाटतं ठेवावं. ज्याचा मुलगा दर्याने नेला त्याचे पाय त्या क्षणी होडीवरून उतरले, असं मला आतून वाटलं. पण तो खलाशी होता की बातमी ऐकून सावधान झालेला हवालदार, हे बाहेरून बघणाऱ्यालाच कळणार, म्हणून निर्णय मी सरांवर सोडला आहे.

घाईत तोंड पुसलं, मोटारसायकलने ठाण्यात आलो, बाराला पाच कमी असताना डायरीवर नोंद केली. डोळ्यांत काजळ तसंच होतं. साडेतीनच्या सुमाराला बंदरावरचा एक माणूस आला. त्याच्या मुलाची होडी संध्याकाळी यायची होती, अजून आली नव्हती, फोन लागत नव्हता. मी खुर्ची दिली, तो बसला नाही. होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, माणसं किती, कुठल्या दिशेला गेले, डिझेल किती होतं, सगळं विचारून घेतलं. साहेबांना उठवलं, गस्ती नौकेला, तटरक्षक दलाला कळवलं, इतर होड्यांच्या तांडेलांना फोन लावले. मग आम्ही दोघं जेट्टीवर गेलो. जवळजवळ तीन तास तो काही बोलला नाही आणि मीही बोललो नाही. एकदा फक्त त्याने विचारलं, “तुमच्या डोळ्यांक काय झाला?” मी म्हणालो, “नाटक होता.” तो “हां” म्हणाला आणि पुन्हा दर्याकडे बघायला लागला.

सातच्या आधी दुसऱ्या एका होडीने ओढून आणलेली ती होडी दिसली. इंजिन बंद पडलं होतं. माणसं चारही ठीक होती. त्याने हात वर केला नाही, हाकही मारली नाही. नुसता बघत राहिला. मी खाली बघितलं. सिमेंटच्या जेट्टीवर त्याचे पाय रुंद पडलेले होते आणि गुडघे किंचित वाकलेले, रात्रभर होते तसेच.